उत्तमरावांचा वॉल

गाडीचा वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह, बदलणं म्हणजे कुकरची रिंग बदलण्याइतकं सोपं! हे मी घरात छातीठोकपणे जाहीर केलं, कारण मोबाईलवर त्याचे व्हिडिओ पाहून पाहून माझे पाठ झाले होते.

आता आमच्या धामणगाव बढ्याच्या स्टँडची एक पद्धत सांगते. इथे जीपला कोणी जीप म्हणत नाही, मालकाचं नाव घेतात. ‘माणिकराव पंक्चर झाले’, ‘उत्तमराव भरले का?’ उत्तमराव म्हणजे आमची जीप. आणि माझे बाबाही!

तर उत्तमराव (जीप) राजूर घाटात असा काळा धूर सोडायचे, की मागचा मोटारसायकलवाला बुलडाण्यात उतरला की त्याची बायकोही त्याला ओळखायची नाही! गॅरेजवाला म्हणाला, “धुराचा वॉल गेला. सोमवारी या.” आणि बुलडाण्यात आमची कबड्डीची मॅच होती उद्या! मी कॅप्टन! ‘आपली टीम आमच्या जीपनं जाईन,’ असा सगळ्या पोरींना शब्द देऊन बसलेली!

नवा वॉल आणला, पण बोल्ट खोलायला घरात धड पाने नव्हते. वडनेर भोलजीच्या गोपालदादाकडे पान्यांचा डबाच आहे. म्हणून त्याच्या आईला, म्हणजे माझ्या जयमालाआत्याला फोन लावला.

“आत्या, उत्तमरावचा वॉल गेला!”

“काय सांगतं माय!”

“मंग! घाटात नुसता दम लागते. आतून काळा ठिक्कर पडला!”

“अकोल्याले काऊन नाही नेलं?”

“तिथं आठ-आठ दिस ठेवून घेतात! मीच खोलून राह्यली, अंगणात.”

“तू?”

“हाव! आई बॅटरी धरते!”

तिकडून “अगं माय वं!” एवढंच आलं आणि फोन कटला. पाने मागायचे राहूनच गेले!

मग शेजारच्या गणेशकाकांचे आणले. संध्याकाळी काम सुरू झालं. एक बोल्ट माझ्या हातून निसटला, तो शोधायला बाबा जीपखाली शिरले. तेवढ्यात जुना वॉल सुटला. मी तो उंच धरून ओरडले, “निघाला! पुरा सडला होता!”

नेमकी तेव्हाच आत्या गोपालदादासोबत फाटकात! तिला काय दिसलं? जीपखालून बाहेर आलेले बाबांचे पाय. डोक्याशी बॅटरी धरून आई. आणि कोपरापर्यंत काळी मी!

“उत्तम्याऽऽ!”

बाबा दचकून उठून बसले. जीपखालीच! ठण्ण!

कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ! सगळा उलगडा झाल्यावर आत्यानं मला धपाटा घातला, मग पोटाशी धरलं, मग उगाचच बाबांनाही एक धपाटा घातला. गोपालदादानं बोल्ट आवळले, जीप सुरू केली. धुराचा मागमूस नाही!

“उद्या टीम जाणार!” मी नाचले.

“उद्या उत्तम जाईन, डॉक्टरकडे!” आत्या म्हणाली. “आता आलीच हाओ त याचा खरा, काळजाचा वॉलबी पाहून घेऊ.”

“अवं जया, मले काय झालं?”

“तू गप बस! टेंगूळ आलं तुले!”

“अन् माया पोरी?”

“जागा उरली त बसवू न!”

सकाळपर्यंत आत्याच्या फोनांनी दोन्हीकडचे नातेवाईक येऊन थडकले. जागा कुठली उरते!

घाटात मागून हॉर्न वाजला. गोपालदादा चालवत होता, मागे दाटीवाटीत बाबा सफरचंद खात होते आणि त्यांच्या छातीवर आत्याचा पंजा. जीप हरणासारखी चढून गेली.

“सुचिता, धूर बिलकुल नाही बे!” पोरी ओरडल्या.

खरंच नव्हता! एस.टी.त एका पायावर उभ्या उभ्या मी स्वतः पाहिलं.