भट्टीजवळचं दीड मिनिट

"बाबा, तुम्ही त्या प्रदर्शनात काही बोलून ठेवलंय का?"

मुलीचा फोन आला तेव्हा तपासनीस दाढीला साबण लावून बसले होते.

"बोललोय थोडंसं. का गं?"

"माझे सासरे रोज तिकडे जाताहेत. आज अकरावा दिवस. दहाला जातात, एकला येतात, जेवतात आणि भिंतीकडे बघत बसतात. विचारलं तर म्हणतात, 'काही नाही, तुझ्या वडिलांना ऐकून आलो.'"

तपासनिसांच्या गालावरचा साबण तिथेच वाळला.

बाटल्यांचा कारखाना बंद पडून सतरा वर्षे झाली होती. त्याआधी एकोणतीस वर्षे तपासनीस एका उजळ काचेसमोर बसून पुढून सरकणाऱ्या बाटल्या बघत आणि तडा गेलेली अचूक उचलून बाजूला टाकत. त्यांच्या डोक्यावर एक सुपरवायझर होता. कारखाना बंद पडला तेव्हा दोघेही एकाच दिवशी घरी बसले. पुढे तपासनिसांच्या मुलीने आणि सुपरवायझरच्या मुलाने आपापसांत जमवले आणि दोन्ही बापांना फक्त कळवले. तेव्हापासून त्या माणसाला 'साहेब' म्हणायचे की 'व्याहीबुवा' हे तपासनिसांना ठरवता आले नव्हते. ते 'अहो'वर भागवत.

शहरात आता काही तयार होत नव्हते, म्हणून प्रदर्शने भरत होती. धुराड्यावर कुणीतरी निळे पक्षी रंगवले होते. वजनकाट्याच्या जागी एक लोखंडी बाई उभी होती. ती रडते आहे की घाम पुसते आहे यावर पेन्शनरांमध्ये दोन तट होते. आणि कारखान्याच्या भट्टीघरात कामगारांच्या आठवणींचे प्रदर्शन लागले होते. उद्घाटनाला तपासनीस गुडघ्याच्या निमित्ताने गेले नव्हते. खरे तर त्यांना ते भट्टीघर बघवले नसते.

आठवणी गोळा करायला एक तरुण संयोजिका दोन महिन्यांपूर्वी घरी आली होती. तपासनीस इस्त्रीचा सदरा घालून चाळीस मिनिटे बोलले. "कारखाना म्हणजे आमची आई होती," असेही एकदा म्हणाले, तेव्हा आतून बायकोला ठसका लागला. मग संयोजिकेने वही मिटली, चहा आला आणि तपासनीस सैल झाले. नंतर ते काय बोलले ते त्यांना नीटसे आठवत नव्हते, आणि तेच त्यांना आता टोचत होते.

"चला," बायको म्हणाली. "बघून येऊ, काय दिवे लावलेत ते."

दुपारी ते गेले तेव्हा भट्टीघर अंधारे आणि गार होते. भट्टीच्या तोंडात लाल दिवा ठेवला होता. तपासनीस तिच्यासमोर उभे राहताच खुद्द त्यांचाच आवाज भट्टीतून बाहेर आला.

"आमचा सुपरवायझर? त्याला सगळे भोंगा म्हणायचे. माणूस नव्हे, दगड. माझी मुलगी झाली तेव्हा घरून निरोप आला. मी म्हटलं, जाऊ का? तर म्हणतो, 'तू जाऊन काय करणार? सुईण आहेस?' संध्याकाळी सुटलो तेव्हा पोर झोपलेली होती. आणि गंमत बघा, तीच पोर पुढे त्याच्याच घरात दिली! एवढ्या बाटल्या तपासल्या मी, पण घर तपासायचं राहिलं."

मागोमाग कपबशीचा आवाज आणि बायकोचे "आणखी घालू का?" असे शब्द. मग शांतता. एकंदर दीड मिनिट.

"माझाही आवाज आहे की," बायको म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. मग नवऱ्याचा बघून तिने तो आवरला.

संयोजिका तिकीटखिडकीजवळच सापडली.

"काका! लोकांना किती आवडलंय तुमचं! कालच एक बाई रडल्या."

"पोरी, ते काढून टाक. तो भोंगा माझा व्याही आहे."

"पण तुम्ही संमतीपत्रावर सही केलीय ना." तिने कागद काढून दाखवला. सही तपासनिसांचीच होती.

"वही मिटल्यावरचं बोलणंसुद्धा?"

"'भेट संपेपर्यंतचं सर्व' असं लिहिलंय, काका. मी जाईपर्यंत यंत्र चालूच होतं. लपवलं नव्हतं, टेबलावरच होतं."

"जन्मभर तडे शोधलेत," बायको म्हणाली, "आणि घरात आलेला एक कागद तपासता आला नाही."

काढायचे तर समितीकडे अर्ज द्यावा लागेल, असे कळले. समितीची बैठक प्रदर्शन संपल्यावर होती. मग तपासनिसांनी नवे बोलायची तयारी दाखवली आणि संयोजिकेपुढे बसून सांगितले, की सुपरवायझर हे शिस्तप्रिय, प्रेमळ आणि पित्यासमान होते. संयोजिकेने मान खाली घालून ऐकले.

"काका, हे तुम्ही कुठून तरी वाचताय का?"

दुसऱ्या दिवशी तपासनीस साडेनऊलाच भट्टीपुढे जाऊन उभे राहिले. बेत साधा होता. आवाज सुरू झाला की आपण त्याहून मोठ्याने बोलायचे, म्हणजे कुणाला काही कळणार नाही. पहिल्यांदा चार माणसे आली. भट्टी म्हणाली, "माणूस नव्हे, दगड." तपासनीस ओरडले, "फार मोठा माणूस! देवमाणूस!" भट्टी म्हणाली, "सुईण आहेस?" तपासनीस ओरडले, "मुलासारखं जपलं आम्हाला!" माणसे थबकली, आणखी गोळा झाली आणि शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "एकाच माणसाचे दोन आवाज," एक चष्मेवाला आपल्या बायकोला समजावून सांगत होता. "एक भीतीचा, एक खरा." संयोजिका धावत आली आणि, रोज याल का, असे विचारू लागली.

दहाला पाच मिनिटे कमी होती. गर्दी पुढच्या दालनात सरकली. तपासनिसांना आपली मुलगी दिसू लागली, त्या घरात मान खाली घालून वाढणारी, सासऱ्याच्या ताटात पोळी टाकताना अंग चोरणारी. त्यांना भट्टीमागे एक जाड वायर दिसली. त्यांनी इकडेतिकडे बघितले आणि ती दोन्ही हातांनी ओढली.

आवाज गेला. भट्टीतला लाल दिवाही गेला आणि दालनातले बाकीचे दिवेही गेले. सतरा वर्षांपूर्वी भट्टी विझवली तेव्हाही तपासनीस याच जागी उभे होते. तेव्हा निदान हातात वायर नव्हती.

दारात काठी वाजली. वरच्या झरोक्यातून येणाऱ्या मळकट उजेडात व्याही हळूहळू आले आणि भट्टीसमोरच्या बाकावर बसले.

"आवाज का बंद आहे?"

"बिघाड असेल काहीतरी," तपासनीस म्हणाले.

"वायर तुमच्या हातात आहे."

तपासनिसांनी वायर खाली ठेवली. "अहो... साहेब... व्याहीबुवा, माझी जीभ घसरली. चहा पिताना बोललो. पण पोरीवर राग काढू नका. तिचा यात काही दोष नाही."

"राग?" व्याही म्हणाले. "माझ्या घरात कुणाला राग येत नाही हो. आमची ही वारल्यापासून सगळे माझ्याशी फार चांगले वागतात. 'औषध घेतलं का?' 'पडा जरा.' हळू आवाजात बोलतात, जणू मी उद्याची गाडी पकडणार आहे. कारखान्यातली माणसं रस्त्यात भेटली तर दुसऱ्या बाजूला जातात. वर्षभरात माझ्याबद्दल कुणी वाईटसुद्धा बोललेलं नाही. आणि पहिल्या दिवशी इथे आलो, तर तुम्ही माझ्यावर खेकसताय! रडूच आलं मला. मला भोंगा म्हणायचे, हेही मला इथेच कळलं."

तपासनिसांनी पायाने वायर भट्टीमागे सरकवली.

"निरोप आला तेव्हा सोडायला हवं होतं तुम्हाला," व्याही काठीच्या मुठीकडे बघत म्हणाले. "घरी तुमची पोर ताट वाढते तेव्हा रोज आठवतं. तिला सांगवत नाही." मग त्यांनी मान वर केली. "बरं, बोला आता."

"काय बोलू?"

"तेच. वायर ओढलीत ना? मग तोंडाने बोला."

तपासनिसांनी घसा खाकरला. "आमचे सुपरवायझर... म्हणजे आपण... थोडे कडक होतात—"

"दगड म्हणाला होतात."

"दगड होतात," तपासनीस पुटपुटले. मग भोंगा झाले, निरोप झाला, सुईण झाली. सगळे मिनिटभरातच आटोपले.

व्याही वाट बघत होते.

"एवढंच?" ते म्हणाले. "एकोणतीस वर्षं मी तुमच्या उरावर बसलो, आणि एवढंच?"

हे मात्र तपासनिसांना लागले. ते सरळ बाकावर येऊन बसले.

"एवढंच कसं असेल? त्या वहीवाल्या पोरीने चहा एकच कप घेतला म्हणून तेवढं! मी कामावर लागलो त्या पहिल्याच आठवड्यात तुम्ही माझं स्टूल काढून घेतलं होतंत. म्हणालात, बसून झोप येते. चार महिने उभा होतो मी, चार महिने! त्यानंतर ते हिरव्या बाटल्यांचं प्रकरण—"

"ते तुमचं चुकलं होतं."

"माझं? मध्ये बोलू नका!" तपासनीस गरजले. एकोणतीस वर्षांत हे वाक्य त्यांना पहिल्यांदाच बोलायला मिळाले होते. व्याही काठीवर हनुवटी टेकवून नीट ऐकू लागले.

तिसऱ्या वर्षापर्यंत आले असतील, तोवर पहारेकऱ्याला वायर सापडली. दिवे लागले, भट्टी लाल झाली आणि आतून आवाज सुरू झाला, "आमचा सुपरवायझर? त्याला सगळे—"

व्याहींनी वैतागून काठी उचलली.

"अहो, बंद करा ते," ते पहारेकऱ्यावर ओरडले. "इथे माणूस बोलतोय!"