एक सदस्य, तोही प्रशासक

"सगळं वर जाणार आहे," साहेब म्हणाले.

"कधी?" ड्रॉइंगकाकांनी विचारलं. त्यांच्या वयाला हाच प्रश्न आधी सुचतो.

"महिनाअखेरपर्यंत. क्लाउडवर. तुमच्या खोलीतलं एकूण एक ड्रॉइंग स्कॅन करायचं आणि चढवायचं. त्याआधी तुमचं खातं उघडा. टीममध्ये या म्हणून आमंत्रण आलं असेल मेलवर. बघा."

काका तळघरात परत आले आणि खुर्चीत बसून राहिले. कंपनी लिफ्टच्या दुरुस्तीची. अकराशे लिफ्टांच्या वायरिंगची ड्रॉइंगं पत्र्याच्या नळकांड्यांत गुंडाळून त्यांच्या खोलीत उभी होती. मेकॅनिकला ड्रॉइंग लागलं की तो खाली यायचा आणि खिडकीतून लिफ्टचा नंबर सांगायचा. काका विचारायचे, "कशाला हवंय? किती वेळ?" मग रजिस्टरात नोंद, सही, आणि पाचच्या आत ड्रॉइंग परत. एका मेकॅनिकमागे चार मिनिटं जात. दिवसाला सहा मेकॅनिक धरले तर चोवीस मिनिटं. काकांचं माणसांशी रोजचं बोलणं साधारण एवढंच.

घरी तेवढंही नव्हतं. काकू जाऊन सहा वर्षं झाली होती. संध्याकाळी कुलूप उघडताना काका "आलो" म्हणत आणि फ्रिज तेवढ्यात सुरू झाला तर त्यांना बरं वाटे. रविवारी बहिणीचा फोन येई. ती फोन लावून शेजारणीशी बोलत राही, आणि काका तो संवाद शेवटपर्यंत ऐकून फोन ठेवून देत.

सगळं वर गेलं तर खाली कोण येणार, हा प्रश्न साहेबांना विचारण्यासारखा नव्हता. काकांनी मेल उघडला.

'आपल्याला टीममध्ये सामील होण्याचे आमंत्रण आहे,' असं त्यात लिहिलं होतं. काकांना मागच्या कित्येक वर्षांत कुणी कशाचं आमंत्रण दिलेलं नव्हतं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग महत्त्वाच्या कागदाचं ते आयुष्यभर जे करत आले होते तेच केलं. छापून घेतलं, पंच केलं, फाइलला लावलं, आवक क्रमांक टाकला आणि संगणकातला मेल पुसून टाकला. एका कागदाच्या दोन प्रती फिरत राहिल्या की घोटाळे होतात, हे त्यांचं ठाम मत होतं.

छापलेल्या कागदावर निळ्या अक्षरांत 'स्वीकारण्यासाठी येथे दाबा' असं होतं. कुणी बघत नाही अशी खात्री करून काकांनी ते एकदा दाबूनही पाहिलं. मग त्यांनी संगणक विभागात फोन लावला. तिथल्या मुलीला सगळे 'पासवर्ड' म्हणत, कारण फोनवर तिचा पहिला प्रश्न तोच असे.

"पासवर्ड काय टाकलात?"

"अजून खातंच उघडायचंय."

"मग वेबसाइटवर जा, विचारेल ते भरत जा. सोप्पं आहे काका. शाळेतली पोरं करतात."

काकांनी पत्ता एकेक अक्षर बघून टाइप केला. भाषांच्या यादीत मराठी होती, तीच निवडली. कुणीतरी इतक्या कष्टानं केली आहे तर वापरावी, एवढाच विचार. पुढे पान म्हणालं, 'टीमचे नाव?' काकांनी कंपनीचं नाव लिहिलं. 'आपण कोण?' त्यांनी 'ड्रॉइंग विभाग' लिहिलं. पान क्षणभर गोल फिरलं आणि म्हणालं, 'अभिनंदन! आपली टीम तयार झाली. सदस्य: १. प्रशासक: आपण.'

टीममध्ये आपण एकटेच, याचं काकांना काहीच वाटलं नाही. बाकीचे येतील हळूहळू, असं त्यांनी धरलं. वेळेच्या आधी पोचून रिकाम्या हॉलमध्ये बसायची त्यांना सवय होती.

ऑफिसची खरी टीम पासवर्डनं आधीच केली होती, आणि काकांनी त्याच नावाची दुसरी उघडली होती, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. काकांनी तीन आठवडे मान मोडून स्कॅनिंग केलं. अकराशे ड्रॉइंगं चढली ती काकांच्या टीमवर. मग एका सकाळी मेकॅनिकचा फोन आला.

"काका, दोनशे चौदाचं ड्रॉइंग वर दिसत नाहीये."

"मी चढवलंय."

"मला नाही दिसत."

काकांनी आपल्या पडद्यावर शोधलं, तर कोपऱ्यात 'सदस्य जोडा' असं बटण होतं. त्यांनी मेकॅनिकला जोडलं. त्याला ड्रॉइंग दिसलं. तासाभरात दुसऱ्याचा फोन, मग तिसऱ्याचा. नाव कंपनीचंच असल्यामुळे कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. ड्रॉइंगं जिथे तिथे मेकॅनिक, मेकॅनिक जिथे तिथे त्यांचा सुपरवायझर, आणि सुपरवायझर जिथे तिथे रजेचे अर्ज. दोन आठवड्यांत काकांच्या टीममध्ये चौतीस माणसं झाली.

आणि काकांना एक खिडकी सापडली. कुणी ड्रॉइंग उघडू लागला की प्रशासकाकडे विनंती यायची: 'परवानगी द्यायची का?' खाली संदेश लिहायला चौकोन होता. काकांनी त्यात लिहिलं, 'कशाला हवंय? किती वेळ?'

मेकॅनिकचा लगेच फोन. "काका, हे काय?"

"विचारलंय त्याचं उत्तर द्या."

"दार अर्धवट उघडतंय. किती वेळ ते कसं सांगू? मी शिडीवर आहे!"

"मग पाच वाजेपर्यंत देतो. पाचला परत करा."

"ती फाइल आहे हो काका! परत कशी करू?"

"जशी नेलीत तशी."

पाच वाजले की काका सगळ्यांच्या परवानग्या काढून घेत आणि रजिस्टरात 'परत आले' असं लिहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा विनंत्या, पुन्हा फोन. चोवीस मिनिटांचे दोन तास झाले. लोक चिडत होते, ओरडत होते, पण काकांशी बोलत होते. माणूस इतके दिवस गप्प राहिला की त्याला शिव्यासुद्धा संभाषणात धरता येतात.

न ओरडणारी एकच व्यक्ती होती. पलीकडच्या शाखेत सुटे भाग सांभाळणाऱ्या बाई. काकांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मागणी आली की भाग जुळवून बघायला त्यांना ड्रॉइंग लागे. त्यांनी चौकोनात सविस्तर उत्तर लिहिलं, 'ब्रेकचा लायनर जुळवायचा आहे. चाळीस मिनिटे पुरतील.' आणि चाळिसाव्या मिनिटाला पुन्हा संदेश, 'पाहून झाले. जागेवर ठेवले आहे.'

काकांनी त्यांना फोन लावला. "तुम्ही सांगितलेल्या वेळेत परत केलंत. असं कुणी करत नाही."

"आमच्या गोदामात मी एकटीच असते," बाई म्हणाल्या. "कुणी काही विचारलं की नीट उत्तर द्यायची हौस येते."

"बरं. ठेवतो," म्हणून काकांनी ठेवला आणि पुढची दहा मिनिटं फोनकडे बघत बसले.

तिकडे वरच्या मजल्यावर साहेब अस्वस्थ होते. बाकीचे एकेक करून काकांच्या टीमकडे सरकल्यावर त्यांच्या टीममध्ये तीनच सदस्य उरले होते: ते स्वतः, पासवर्ड, आणि चुकून दोनदा खातं उघडल्यामुळे पुन्हा ते स्वतः. ते रोज सकाळी 'सुप्रभात, टीम' असा संदेश टाकत आणि स्वतःच त्याला अंगठा देत. "आपली माणसं फार शांतपणे काम करतात," असं त्यांनी पासवर्डला सांगितलंही.

भांडं फुटलं ते एका गिऱ्हाइकासमोर. बारा मजली इमारतीचे मालक साहेबांच्या खोलीत बसले होते. साहेब म्हणाले, "आता आमचं सगळं एका क्लिकवर आहे. तुमच्या लिफ्टचं ड्रॉइंग दाखवतो." ते काही दिसेना. एका सुपरवायझरनं बिचाऱ्यानं मदत म्हणून त्यांना आपली लिंक पाठवली. साहेबांनी ती दाबली. ते नेमके आपल्या दुसऱ्या खात्यातून आत होते, आणि त्यावर नावाऐवजी 'युजर दोन' असल्यामुळे कोण मागतंय ते काकांना कळलं नाही. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर उत्तर उमटलं:

'कशाला हवंय? किती वेळ?'

साहेबांनी घाम पुसत टाइप केलं, 'दाखवायला.'

'कारण समाधानकारक नाही.'

मालकांनी पडद्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. "हा क्लाउड फार कडक आहे," ते म्हणाले.

पाच मिनिटांत पासवर्ड तळघरात होती. खाली यायची तिची ही पहिलीच वेळ. नळकांड्यांच्या रांगा बघत ती म्हणाली, "काका, तुम्ही टीममध्ये आलाच नाहीत! तुम्ही वेगळीच टीम काढलीत. आमंत्रणाची लिंक का नाही दाबलीत?"

"दाबली," काका म्हणाले, आणि फाइल उघडून तिला कागद दाखवला.

तिनं कागद पाहिला. आवक क्रमांक पाहिला. हसू लपवायला तिनं बाहेर बघायची खिडकी शोधली, पण तळघराला तशी खिडकी नव्हती, फक्त मेकॅनिकांसाठीची होती. मग ती त्यांच्याच खुर्चीत बसली आणि कीबोर्ड ओढला. "साहेब तापलेत. पण एक सांगू? गेल्या महिन्यात एकही ड्रॉइंग हरवलं नाही की चुकीच्या माणसाकडे गेलं नाही. असं इथे पहिल्यांदाच झालंय. हे मी त्यांना सांगेन. आता हलवते सगळं."

तिनं एक बटण दाबलं. अकराशे ड्रॉइंगं गेली. दुसरं दाबलं, चौतीस माणसं गेली. सदस्यांची यादी वरून खाली रिकामी होत गेली, लग्नाच्या मांडवात जेवणानंतर व्हावी तशी. शेवटी उरलं: 'सदस्य: १.'

"तुम्हालाही तिकडे घेतलंय," ती उठत म्हणाली. "तिकडे परवानगी लागत नाही, सगळ्यांना सगळं दिसतं. ही रिकामी टीम तेवढी बंद करा. 'बाहेर पडा' दाबलं की झालं."

त्या दिवशी फोन वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. खिडकीवर कुणी आलं नाही. काकांनी रजिस्टर उघडलं, तारीख घातली, खाली रेघ मारली, आणि मिटलं. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी 'बाहेर पडा' दाबलं.

पडदा म्हणाला, 'आपण या टीमचे शेवटचे सदस्य आहात. बाहेर पडण्यासाठी कृपया दुसरा प्रशासक नेमा.'

काकांनी पासवर्डला फोन केला.

"हो, तो त्याचा नियम आहे," ती म्हणाली. "कुणालाही जोडा, प्रशासक करा आणि तुम्ही निघा. तो अडकेल, तुम्ही सुटाल."

असं कुणाला फसवणं काकांना पटलं नाही. त्यांनी बराच विचार केला आणि पलीकडच्या शाखेत फोन लावला. "नमस्कार. ड्रॉइंग विभाग. एक अडचण आहे. आधीच स्पष्ट सांगतो, यात तुमचा काही फायदा नाही." आणि त्यांनी सगळं सांगितलं.

"म्हणजे मी आत आले की तुम्ही बाहेर?"

"नियमाप्रमाणे तसंच."

"पाठवा आमंत्रण," बाई म्हणाल्या.

दोन मिनिटांनी पडद्यावर 'सदस्य: २' झालं. काकांनी बाईंना प्रशासक केलं. 'आपण आता बाहेर पडू शकता,' पडदा म्हणाला. दोघांचेही फोन कानाला होते.

"पडलात का?"

"नाही अजून. तुम्ही एकट्या राहाल."

"मला सवय आहे. मी निघू का आधी?"

"मग मी राहीन."

"ते मला बरं नाही वाटणार."

"मला पण नाही."

पलीकडून वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"हा निर्णय घाईनं घेण्यासारखा नाही," शेवटी बाई म्हणाल्या. "उद्या साडेतीनला मी जरा मोकळी असते. तेव्हा नीट बोलू."

"साडेतीन. लिहून ठेवतो," काका म्हणाले.

दोन महिन्यांनी जिन्यात पासवर्ड भेटली. "काका, त्या जुन्या टीममधून सुटलात की नाही?"

काकांनी घड्याळ पाहिलं. सव्वातीन झाले होते. ते भराभर पायऱ्या उतरू लागले.

"रोज प्रयत्न चालू आहेत," उतरता उतरता ते म्हणाले.