पंचेचाळीसचा काटा

आपल्या ट्रकला जगात तोड नाही, असं वादळचं ठाम मत होतं. आणि ते तो कुणी न विचारताही देत असे.

वादळ हे अर्थात टोपणनाव. हा माणूस कधी एका जागी टेकलाच नाही. चहा उभ्याने प्यायचा, दाढी घरभर फिरत करायचा, आणि समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर आलं की उरलेलं स्वतःच पूर्ण करून वर उत्तरही देऊन मोकळा! घरसामान हलवायचा त्याचा धंदा. गेल्या महिन्यात त्याने ट्रकला कमरेएवढे उंच टायर बसवून घेतले. ट्रक दिसायला पहिलवान झाला, पण चालायला? आडवा हात मारून जेवलेला पहिलवान! चढावर एका दूधवाल्याने सायकलवरून त्याला मागे टाकलं, आणि वर पोचल्यावर वळून हातही हलवला.

नेमकं त्याच वेळी सासूबाईंचं प्रकरण निघालं. राहतं घर सोडून त्या दोघी मुलींपैकी एकीकडे मुक्काम हलवणार होत्या. आईने आपल्याकडेच यावं, अशी वादळच्या बायकोची फार इच्छा होती. पण बारा वर्षांत सासूबाईंनी या जावयाच्या हातात साधा बल्बसुद्धा बदलायला दिला नव्हता.

"धाकटीकडे यायला माझी ना नाही," त्या म्हणाल्या. "पण जावईबापू बोलतात त्यातलं निम्मं वजा करावं लागतं. माझं सामान त्यांनाच आणू दे. शब्द पाळून आणलं तर तिथे राहीन. नाहीतर थोरलीकडे."

बायकोने वादळला स्वयंपाकघरात गाठलं. "अहो, एवढं एकदा नीट करा."

"झालंच समज!"

"तसं नव्हे. जरा हळू..."

"हळूच आणणार! आईंना सांग, पंचेचाळीसच्या वर काटा गेला तर नाव बदलीन!"

बायकोचे डोळे भरून आले. ते पाहून वादळ चक्क घटकाभर पाटावर टेकला. आता काहीही झालं तरी सासूबाईंना आपल्याच घरी आणायचं, असं त्याने मनाशी पक्कं केलं आणि थेट गॅरेज गाठलं.

"मेस्त्री, इंजिनाची ताकद वाढवा!"

"मालक, इंजिन धडधाकट आहे," मेस्त्री हात पुसत म्हणाला. "टायर मोठे झालेत, त्यांना फिरवताना त्याचा दम निघतो. मागच्या ॲक्सलमधले गिअर बदलू, की..."

"वेळ नाही! टर्बो बसवा!"

"बसवतो. पण मग मीटर..."

"मीटर फाटेल, ठाऊक आहे! फाटू द्या!"

मेस्त्रीने कपाळाला हात लावला आणि टर्बो बसवला. इंजिनात आता जादा हवा कोंबली जाऊ लागली आणि ट्रकच्या अंगात वारं शिरलं! ज्या चढावर दूधवाला जिंकला होता, तो चढ ट्रकने हसत हसत काढला.

ठरलेल्या दिवशी सामान चढलं. आरशाचं कपाट, शिलाई मशीन, खुर्च्या आणि पिठाचा मोठा डबा. सासूबाई स्टुलावर पाय देऊन केबिनमध्ये चढल्या आणि चष्मा लावून मीटरवर डोळे रोखून बसल्या. उरलेलं सामान साडूच्या टेंपोत. साडू म्हणजे थोरले जावई, भिंतीवरच्या घड्याळासारखा नेमका माणूस. वादळची बायकोही त्याच्याच टेंपोत बसली होती.

निघाले. काटा पंचेचाळीसवर गेला आणि तिथेच चिकटला.

"दिसतंय ना, आई?"

"दिसतंय. आश्चर्य आहे," सासूबाई म्हणाल्या.

दुकानं भराभरा मागे पळत होती. खिडकीतून वारा असा घुसत होता की सासूबाईंना पदर दातात धरावा लागला. "ट्रक उंच आहे ना, म्हणून वारा जास्त लागतो," वादळने समजावलं. मागून साडू हॉर्नवर हॉर्न देत होता, दिवे उघडझाप करत होता.

"जळतोय!" वादळ म्हणाला.

तेवढ्यात एक गतिरोधक आला. ट्रक उडाला, सामान उडालं, सासूबाई वीतभर उडाल्या. पण मीटरवरची नजर काही उडाली नाही. मागे पिठाचा डबा उघडला आणि साडूच्या टेंपोची काच पांढरीफेक झाली. लगेच फोन वाजला. सासूबाईंनी घेतला. पलीकडे वादळची बायको किंचाळत होती.

"आई, त्यांना थांबव! आमचा काटा पंचावन्न दाखवतोय, तरी गाठता येईना!"

"काहीतरीच काय! माझ्या डोळ्यांदेखत पंचेचाळीस आहे. थोरल्या जावयांना म्हणावं, मीटर दुरुस्त करून घ्या!"

बारा वर्षांत प्रथमच सासूबाई त्याच्या बाजूने बोलल्या होत्या. वादळने आनंदाने लांबलचक हॉर्न वाजवला. तेवढ्यात पुढच्या चौकात पोलिसाने हात केला.

"मर्यादा पन्नास. तुमचा वेग सत्तावन्न."

"शक्यच नाही! साक्षीदार आहे!"

"मी साक्षीदार!" सासूबाई वरूनच कडाडल्या. "तुमचं यंत्र बिघडलंय. आमचे जावई एक वेळ थाप मारतील, पण मी?"

"आजी, यंत्र आज सकाळीच तपासलंय."

शेवटी वादळने मेस्त्रीला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"मालक, तेच तर सांगत होतो!" मेस्त्रीचा आवाज भर चौकात घुमला. "टायर मोठा झाला की एका फेरीत गाडी जास्त पुढे जाते. मीटर बिचारा जुन्या टायरच्या हिशेबानेच चालतो. तुमचे पंचेचाळीस म्हणजे खरे सत्तावन्न! आधी ताकदच नव्हती, म्हणून झाकलं गेलं."

पोलिसाने पावती फाडली. टेंपो येऊन थांबला. ट्रकची मागची फळी उघडली तर शिलाई मशीन आडवं पडलेलं, खुर्च्यांचे पाय वर, आणि सगळ्यावर पिठाचा थर. आरसा तेवढा शाबूत होता. बायको आईच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. वादळला वाटलं, आता सामान इथूनच टेंपोत चढणार आणि थोरलीकडे जाणार.

सासूबाईंनी बोटाने कपाटावरचं पीठ पुसलं.

"पंचेचाळीस म्हणाले, पंचेचाळीसवरच ठेवलं. मी पाहिलंय. यांनी शब्द पाळला. मी धाकटीकडेच राहणार."

बायको रडतच आईच्या गळ्यात पडली. वादळ तर टायरवर चढून नाचायचाच बाकी होता!

"पण हा माणूस खरं वागायला गेला तरी दंड होतो," सासूबाई पुढे म्हणाल्या. "थोरल्या जावयांचं माझ्यावाचून काही अडत नाही. यांच्यापाशी मात्र कुणीतरी बसायला हवं."

हे वादळला बोलण्यापुरतं वाटलं. पण सोमवारी सकाळी सात वाजता तो घाईघाईने ट्रकपाशी आला, तर सासूबाई पाण्याची बाटली घेऊन केबिनमध्ये हजर!

"आई, आज लांबची फेरी आहे. संध्याकाळ होईल."

"होऊ दे. मला आता काय काम आहे?" त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. "चला, निघा. आणि जाता जाता ते गिअर कसे टाकतात तेवढं दाखवून ठेवा. महिनाभरात मीच चालवीन. तुम्ही इथे शेजारी बसून काटा बघा."