पंचवीस वर्षं जपलेलं भाषण

१९७८ सालची ही गोष्ट. गावाबाहेरच्या माळावर तीन खोल्या, एक उंच मनोरा आणि भोवती काटेरी तारेचं कुंपण, एवढंच ते रेडिओ केंद्र होतं. पण आसपासच्या दोनअडीचशे गावांचं घड्याळ त्यावर चालायचं. सकाळी हवामान, दुपारी बायकांसाठी ‘घरसंसार’, संध्याकाळी बाजारभाव आणि मग ‘शेतशिवार’. शेतशिवारातली शेवटची दहा मिनिटं कोंबडीपालनाची, आणि ती निवेदन करणाऱ्या ताईंची. ताईंनी जन्मात कोंबडी पाळली नव्हती. तरी बाजारात भाजी निवडताना नुसता आवाज ऐकून बायका वळायच्या आणि विचारायच्या, आमची पांढरी चार दिवस दाण्याला तोंड लावत नाही, काय करावं?

ताईंची खरी काळजी वेगळीच होती. अकरा वर्षं त्या केंद्रावर होत्या, पण हंगामी. दर तीन महिन्यांनी मुख्यालयातून कागद यायचा, की आपली सेवा आणखी तीन महिने वाढवण्यात येत आहे. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, “आमची सून मोठी कर्तबगार. वर्षातून चारदा नोकरीला लागते.”

त्या साली केंद्राला पंचवीस वर्षं पूर्ण होत होती. साहेबांनी, म्हणजे केंद्रसंचालकांनी, सगळ्यांना बोलावून सांगितलं की केंद्राच्या इतिहासावर अर्ध्या तासाचा कार्यक्रम करायचा आणि तो ताईंनी करायचा. कार्यक्रम चांगला झाला तर ताईंना कायम करण्याची फाइल ते स्वतः मुख्यालयात घेऊन जाणार होते. उद्घाटन करणारे तेव्हाचे मंत्री अजून हयात होते. त्यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलवायचं आणि त्यांचंच उद्घाटनाचं भाषण त्यांना ऐकवायचं, ही साहेबांची खास कल्पना.

“टेप आहे ना आपल्याकडे?” साहेबांनी विचारलं.

“आहे तर,” ताई म्हणाल्या. खोक्यावर लाल शाईत ‘उद्घाटन भाषण. जपून ठेवणे’ असं लिहिलेलं त्यांनी कितीदा तरी पाहिलं होतं.

दुपारी त्यांनी खोकं उघडलं, टेप यंत्रावर चढवली आणि बटण दाबलं. गुरांच्या डॉक्टरांचा धीरगंभीर आवाज आला, “कोंबडीची विष्ठा हिरवट दिसू लागली, की समजावं…”

ताईंना सारं लख्ख आठवलं. नव्या टेपा मिळणार नाहीत, जुन्या पुसून वापराव्यात, असं परिपत्रक मुख्यालयानेच काढलं होतं. मागे एकदा डॉक्टर दारात उभे, कपाटात एकही मोकळी टेप नाही, म्हणून ताईंनी घाईघाईने तळाच्या खोक्यातली काढली होती. पुसताना टेप ऐकायची नसते, हा तिथला रिवाजच होता. ऐकली तर पुसवत नाही. भाषण गेलं, त्यावर हगवण आली, आणि टेप पुन्हा त्याच खोक्यात गेली.

केंद्रावरचे तंत्रज्ञ मामा तेवढे विश्वासाचे होते. ते दहाच वर्षांपूर्वी बदलून आलेले. उद्घाटनाच्या वेळचं तर कुणीच आता तिथे नव्हतं. मामांनी सगळं ऐकून घेतलं, चहाचा कप खाली ठेवला आणि शांतपणे विचारलं, “भाषणात काय होतं, ठाऊक आहे कुणाला?”

“नाही. कपाटातून ते कुणी काढलंच नव्हतं कधी.”

“मग रडता कशाला? लिहा की तुम्ही. बोलतो मी.”

मामा नक्कल बरी करायचे. साहेबांच्या आवाजात ते साहेबांनाच फोन करत. ताईंनी आधी कानांवर हात ठेवले, मग फाइल आठवली, आणि मग कागद घेतला. लिहायला फारसे कष्ट पडले नाहीत. अकरा वर्षांत त्यांनी पूल, विहीर, दवाखाना, गोदाम अशा नाना उद्घाटनांची भाषणं प्रक्षेपित केली होती. विहिरीचा शब्द काढून तिथे रेडिओचा घातला की झालं. फक्त शेवटाला हात सवयीने वळला आणि त्या लिहून गेल्या, “ज्या दिवशी हा आवाज कोंबड्या पाळणाऱ्या शेवटच्या बाईच्या अंगणात पोहोचेल, त्या दिवशी माझं काम झालं असं मी समजेन.”

मामांनी तोंडापुढे बिस्किटांचा रिकामा डबा धरून भाषण केलं, मागे जाड कागद चुरगाळून खरखर आणली. झालेली टेप ऐकताना ताईंना एका जागी चक्क गहिवरून आलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

समारंभाच्या दिवशी माजी मंत्री आले. वय अठ्ठ्याहत्तर, एका बाजूने काठी, दुसऱ्या बाजूने साहेब. टेप सुरू झाली तशी ताईंनी दाराजवळची खुर्ची धरली, पळायला बरं म्हणून. मंत्री डोळे मिटून ऐकत होते. शेवटचं वाक्य आलं आणि त्यांच्या गालावरून पाणी ओघळलं.

“हेच,” ते म्हणाले. “शब्द न् शब्द हाच. कोंबडीवाल्या बाईचं ते वाक्य मला आदल्या दिवशी प्रवासात सुचलं होतं.”

ताईंचा जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच मंत्र्यांनी डोळे उघडले. “पण एक आहे. इथे लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला होता. दोन मिनिटं मला बोलू देईनात. त्या टाळ्या कुणी कापल्या?”

साहेबांनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी मामांकडे पाहिलं. मामा अदबीने म्हणाले, की टेप जुनी झाली, टाळ्या जरा झिजल्या असतील, दुरुस्त करून देतो. संध्याकाळी शेतकरी मंडळाच्या चौदा जणांना उभं करून टाळ्या घेण्यात आल्या आणि मामांनी त्या दोन मिनिटं पुरवल्या.

पुढे सगळं ताईंच्या हातात राहिलंच नाही. ते वाक्य वर्तमानपत्रांत आलं. साहेबांनी ते संगमरवरात कोरून प्रवेशदाराशी बसवलं. मुख्यालयाने म्हटलं, हेच जर या केंद्राचं मूळ ध्येय होतं, तर कोंबड्यांना दहाच मिनिटं का? कोंबडीपालन अर्ध्या तासाचं झालं आणि बाजारभाव निम्मे सांगून थांबू लागले. आणि महिन्याभरात फाइल मंजूर होऊन आली. इतका अमोल ठेवा पंचवीस वर्षं डोळ्यांत तेल घालून जपल्याबद्दल केंद्रात ‘ध्वनिसंग्रहपाल’ असं नवं पद निर्माण करण्यात येत होतं, आणि त्यावर ताईंची कायम नेमणूक होत होती.

ताईंनी तो कागद घरी आणून सासूबाईंच्या हातात दिला आणि मग राहवेना, म्हणून सगळं कबूल करून टाकलं. सासूबाई शेंगा सोलत होत्या. हात न थांबवता त्या म्हणाल्या, “कसलं भाषण पुसलंस तू?”

“उद्घाटनाचं.”

“अगं, ते झालंच कुठे? आम्ही अख्खं गाव चावडीवरच्या रेडिओला कान लावून बसलो होतो. ‘बंधू आणि भगिनींनो’ म्हणाले आणि यंत्र बंद पडलं. तासभर वाट पाहिली. मागाहून कळलं, मंत्री चिडून गाडीत बसले आणि तसेच गेले. तू पुसलीस ती खरखर.”

“मग ते तर म्हणाले, शब्द न् शब्द हाच!”

“म्हणणारच. पंचवीस वर्षं पोटात राहिलं होतं बिचाऱ्याचं.”

माजी मंत्री त्यानंतर तीन वर्षं जगले आणि भेटेल त्याला ते वाक्य ऐकवत राहिले. साहेब बढती घेऊन मुख्यालयात गेले. तिथे त्यांनी जुन्या टेपा पुसू नयेत, असं परिपत्रक काढलं. मामा निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेले आणि नातवंडांसाठी जनावरांचे आवाज काढण्यात रमले.

ताईंच्या मनाला मात्र ती गोष्ट टोचत राहिली. म्हणून सासूबाई थकल्या तेव्हा ताईंनी त्यांना केंद्रावर नेलं आणि पहिल्या दिवसाची आठवण त्यांच्याच तोंडून ध्वनिमुद्रित करून संग्रहात ठेवली. सासूबाई १९८६ साली गेल्या. तिसऱ्या वर्षी मुख्यालयाची तज्ज्ञ समिती संग्रह तपासायला आली. दोन्ही टेपा त्यांनी लक्ष देऊन ऐकल्या आणि सासूबाईंच्या टेपेवर शेरा मारला: ‘वार्धक्यजन्य स्मृतिभ्रंश. उपलब्ध मूळ पुराव्याशी विसंगत. नष्ट करावी.’

ताईंनी शेऱ्याखाली ‘पुसली’ असं लिहिलं, तारीख घातली, सही केली, आणि टेप पिशवीत घालून घरी नेली. घरात ती वाजवायला यंत्र नव्हतं. पण त्या बाईचं बोलणं ऐकायला त्या घरात यंत्र लागत नव्हतं.