तीनचा भोंगा

दुपारी बरोबर तीन वाजता रामभाऊंचा कॉम्प्युटर अडकला. प्रिंटर यादीच्या दुसऱ्याच ओळीवर थांबला, पडद्यावरचा बाण खिळला आणि गच्चीवरच्या कर्ण्यातून मिलचा भोंगा वाजू लागला, तो थांबेना.

भोंगा कॅसेटवरचा होता. मिल बंद पडली त्या दिवशी टाइमकीपर रामभाऊंनी तो टेप करून ठेवला. पुढे त्यांची मुलगी निवेदिता हिनं तो कॉम्प्युटरमध्ये घातला आणि गच्चीवर गणेशोत्सवाचा कर्णा जोडून दिला. रोज तीनला, दुसऱ्या पाळीच्या वेळेस, तो दहा सेकंद वाजे. पोलोग्राउंडमागची ती गल्ली सगळी मिलवाल्यांची. शेजारच्या द्वारकाबाई त्यावर ब्लडप्रेशरची गोळी घेत.

कॉम्प्युटर अडकला त्या दिवशी साचेखात्यातल्या, म्हणजे विणकामाच्या खात्यातल्या, एकशे शेहेचाळीस कामगारांची यादी पाचच्या आत लेबर कोर्टात द्यायची होती. ज्याचं नाव यादीत नाही त्याचा थकलेल्या पगाराचा दावा गेला. मुदत दोनदा वाढली होती. "तिसऱ्यांदा तोंड दाखवू नका," असं वकील शशिकलाबाईंनी बजावलं होतं. जुनी हजेरीपत्रकं मिलमध्ये कुलपात, त्यामुळे माणसं दोन दिवस घरी येऊन टोकन नंबर सांगत होती आणि निवेदिता टाइप करत होती.

घोळ सकाळीच कळला होता. प्रिंटर चालू असताना जरा आवाज झाला की मशीन गोठे.

"बाबा, साउंड कार्ड आणि प्रिंटर, दोघांना कॉम्प्युटरनं आत एकच नंबर दिलाय. सात."

"एका टोकनवर दोन माणसं? भरती कोणत्या गाढवानं केली?"

निवेदितानं कार्डाला पाच नंबर दिला. पाचवर मोडेम बसला होता. मोडेमला चारवर सरकवलं, तर माउस मेला. सगळं पुन्हा होतं तिथे ठेवलं, आणि कार्ड मुकाट्यानं सातवर येऊन बसलं.

"मिलमध्ये अशा वेळी एकाला घरी पाठवत," रामभाऊ म्हणाले.

"तेच करू. छापताना आवाज नको. आज भोंगा बंद ठेवते."

"भोंगा नाही बंद राहायचा. तू तीनच्या आत छाप."

छपाई सुरू झाली तीनला काही सेकंद कमी असताना.

"रिसेट दाबू?" निवेदितानं भोंग्यावर आवाज चढवून विचारलं.

"यादी?"

"साठ नावांपर्यंत सेव्ह आहे. पुढचं जाईल."

"शहाऐंशी माणसं जातील? मधे सेव्ह करता नाही आलं?"

"तुम्ही श्वास कुठे घेऊ दिलात? बोलत तर सुटला होतात."

चार मिनिटं दोघं पडद्याकडे बघत राहिले. मग निवेदितानं बटण दाबलं. भोंगा थांबला आणि त्याबरोबर रामभाऊंना एक गोष्ट आठवली. न थांबणारा भोंगा म्हणजे मिलला आग, हे अठ्ठावीस वर्षं ते स्वतःच नव्या माणसांना शिकवत आले होते.

ते बाहेर आले तेव्हा गल्लीत एकही पुरुष नव्हता. बादल्याही नव्हत्या.

मिलच्या फाटकावर मात्र दोनशेवर माणसं होती. बंद मिलचा ताबा असलेल्या सरकारी लिक्विडेटरनं नेमलेला चौकीदार नंदू नोंदवही उघडून बसला होता.

"भिया, आग लागली आहे," पुढचा माणूस म्हणत होता.

"लागू द्या ना. पहले एंट्री, फिर आग. बिना एंट्री कोणी आत नाही जायचं."

माणसं रांगेत उभी राहिली होती. कोणी सांगितलं नव्हतं, पण रांग खात्यांप्रमाणे लागली होती, साचेखातं सगळ्यात पुढे. नंदू एकेक अक्षर कोरत होता. आग नाही हे सांगायलाच रामभाऊ आले होते. त्यांनी वहीत डोकावून पाहिलं. नाव, टोकन, खातं, कारण, आत येण्याची वेळ, बाहेर जाण्याची वेळ, सही. त्यांनी नंदूच्या हातातून पेन घेतलं.

"रामभाऊ, आग कुठल्या बाजूला आहे?" साचेखात्याचा मुकादम, जॉबर लक्ष्मीकांत, यानं विचारलं.

"ते बघू. नंबर सांग."

"अहो, पण मिल जळतेय."

"इतकी वर्षं उभी आहे, तासभर थांबेल. नंबर."

'कारण' या रकान्यात काय लिहायचं, असं रामभाऊंनी विचारल्यावर पहिला माणूस सवयीनं "ड्यूटी" म्हणाला. मागच्या सगळ्यांनी तेच सांगितलं. जे गावाला गेले होते त्यांच्या जागी मिलच्या रिवाजाप्रमाणे बदली उभे राहिले. कोणाचा भाऊ, कोणाची बायको. चार पंचवीसला एकशे शेहेचाळीसावी सही झाली. माणसं बादल्या घेऊन आत आग शोधायला गेली आणि रामभाऊ वही काखेत मारून रिक्षात बसले.

"रजिस्टर कुठे नेता? बाबूजी, माझी नोकरी जाईल," नंदू रिक्षामागे दोन पावलं धावला.

"उद्या आणून देतो," रामभाऊ म्हणाले.

पाचला सात मिनिटं कमी असताना शशिकलाबाईंनी लेबर कोर्टात वही दाखल केली. बाबूनं पानं मोजून शिक्का मारला.

सोमवारी लिक्विडेटरच्या ऑफिसातून पत्र आलं. दुसरी पाळी कोणाच्या हुकुमानं सुरू झाली, असं त्यात विचारलं होतं. शशिकलाबाईंनी ते दोनदा वाचलं आणि सध्या उत्तर देऊ नका म्हणाल्या. वही कोर्टाच्या कपाटात आहे. बाहेर जाण्याच्या वेळेचा रकाना कोरा आहे. नोंदीप्रमाणे एकशे शेहेचाळीस कामगार अजून ड्यूटीवर आहेत.