धुकं चिकटवलेली पिकअप

"गाडी कुटं हाय?" भिमाजी आबांनी ओट्यावरून विचारलं.

कैलासनं समोर बोट दाखवलं. आबांनी चष्मा धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. कान्हे गावात त्या सकाळी नेहमीसारखं धुकं उतरलं होतं आणि त्या धुक्यात एक नंबरप्लेट जमिनीपासून हातभर वर अधांतरी उभी होती. तिच्यामागं अख्खी पिकअप आहे, हे पटवायला कैलासला बापाचा हात धरून बॉनेटवर ठेवावा लागला.

"हाय खरी," आबा म्हणाले. "पर आवाज तर आदीच न्हवता हिला. आता तोंडबी न्हाई ठेवलंस?"

तेवढ्यात कैलासची बायको अनिता मशरूमचे क्रेट घेऊन बाहेर आली. इलेक्ट्रिक पिकअपला रॅपिंग करायचं ठरलं, तेव्हा तिनं नवऱ्याला एकच गोष्ट सांगितली होती. 'अनिता मशरूम' हे नाव लाल रंगात, वीतभर उंच अक्षरांत हवं.

"नाव कुठाय?"

"हे काय, हितं. जवळ ये. अजून जवळ."

अनिता नाक गाडीला टेकेपर्यंत जवळ गेली, तेव्हा पांढऱ्यावर पांढरी अक्षरं तिला दिसली. तिनं नखानं एक अक्षर खरवडून पाहिलं आणि कैलास खरा घाबरला तो तेव्हा.

कैलास माणूस चांगला, पण त्याचा एक पाय कायम ढगात. गेल्या श्रावणात बांधावर उभं राहून त्यानं आपल्या वावराचा फोटो काढला होता. खाली भाताची खाचरं, मागं डोंगर, मध्ये धुक्याचा पट्टा आणि एका कोपऱ्यात लाल लुगड्यातली, ठिपक्याएवढी आई. आईची, म्हणजे नंदाबाईंची, तक्रार एवढीच होती, की तोंड नीट आलं नाही. हा फोटो गाडीभर चिकटवून घ्यायला तो वडगावला दस्तगीरभाईंच्या शेडमध्ये गेला. दस्तगीरभाईंनी पंचवीस वर्षं ट्रकांवर हातानं अक्षरं काढली होती. आता ते चित्र व्हिनाइलवर छापून गरम हवेनं गाडीला चिकटवायचे, पण डोळा जुन्या कलावंताचाच राहिला होता.

"ह्या चित्रावर लाल अक्षरं?" ते दुखावून म्हणाले. "कैलासशेठ, हात धजत नाही माझा."

"मग धुक्यातनं हळूच वर आल्यासारखी टाका."

"आता बोललात!"

दोन दिवस दोघं त्या धुक्यात हरवून गेले. दस्तगीरभाईंनी व्हिनाइलचा जोड कुठं आहे ते शोधून दाखवा म्हणून पैज लावली, ती कैलास आनंदानं हरला. लोणावळ्याकडं पावसाळ्याचे चार महिने खरंच धुकं असतं, हे मात्र दोघांपैकी एकालाही आठवलं नाही.

इकडं अनिताचं सगळं त्या गाडीवर अवलंबून होतं. घरामागच्या खोलीत ती भाताच्या पेंढ्यावर धिंगरी मशरूम पिकवायची. ती खोली मुळात आबांच्या पोत्यांची. तिथल्या खुंटीवर अजून त्यांच्या बैलांची घुंगरमाळ होती, बैल जाऊन सहा वर्षं झाली तरी. आबांनी सरळ सांगितलं होतं, "भात घरात यायच्या आत एक हाटेल धर, मंग खोली तुजी. न्हाई तर पोती माजी." कुसगावच्या एका हॉटेलानं आज पहिल्यांदा माल मागवला होता. साडेसातच्या ठोक्याला माल पोचला, तर पुढं रोज घेणार होते.

"साडेसात म्हणजे साडेसात," अनिता क्रेट चढवताना म्हणाली. "वाटेत डोंगर बघत बसू नका."

"दिसतोय कुटं डोंगर," कैलास म्हणाला आणि निघाला.

तो प्रवास त्याला जन्मभर आठवेल. पुढचे-मागचे दिवे लावलेले, काचा खाली, इंजिनाची घरघर नाही, कसलाच आवाज नाही. कामशेत गेलं ते त्याला भज्यांच्या वासावरून कळलं. एक म्हैस रस्त्यात उभी होती, तिच्या कानाशी जाऊन तो थांबला तरी तिनं मान वळवली नाही. आपण गाडी चालवत नसून आपल्याच वावराला घेऊन कुठंतरी तरंगत चाललो आहोत, असं त्याला वाटलं आणि फार बरं वाटलं. कुसगावचा फाटा नेमका कुठला हे विचारायला तो लोणावळ्याच्या अलीकडं एका टपरीवर उतरला. दिवे बंद केले, चहा प्यायला, मागं वळला तर गाडी नाही.

"अगं, गाडी गेली," त्यानं फोनवर सांगितलं.

"कुठं गेली?"

"तेच कळंना. हितंच लावलीती."

"किल्ली दाबा," अनिता म्हणाली. "मी साडेसहाची लोकल पकडते. तोवर त्या मॅनेजरच्या पाया पडून वेळ मागते."

कैलासनं किल्ली दाबली. दहा पावलांवर दोन दिवे लुकलुकले, पीक्क वाजलं आणि एक म्हातारी किंचाळली. ती गाडीला पाठ लावून स्टुलावर बसली होती आणि समोर तिचं सगळं कुटुंब मोबाइल धरून उभं होतं. मुलुंडचे पाहुणे होते. तीन दिवस लोणावळ्यात काढून त्यांनी एकाही पॉइंटवरून धुक्यापलीकडं काही पाहिलं नव्हतं.

"हा कुठला पॉइंट हो?" आजींनी सावरत विचारलं.

निघायला हवं होतं, हे कैलासला ठाऊक होतं. पण आपल्या वावराबद्दल कुणी इतक्या कौतुकानं विचारलं नव्हतं.

"पॉइंट न्हाई, आमचं वावर हाय. हा बांध. हितं ओढा. आणि हे लाल दिसतंय ना, ती आमची आई."

आजींनी आईलाही हात जोडले. मग नातवंडांचे फोटो झाले, जावयाचे झाले, शेजारच्या गाडीतले लोक उतरले. कैलासनं घड्याळ पाहिलं तेव्हा सात पन्नास झाले होते.

हॉटेलच्या गेटशी पोचताच फोन वाजला.

"कुठं आहात?"

"गेटवर."

"मी गेटवर आहे!"

"मीबी गेटवर हाय!"

दोघांच्या मध्ये चार हात अंतर होतं. अनितानं आवाजाच्या दिशेनं हात पुढं केला आणि तो आरशावर आपटला.

प्रदीप नावाचा मॅनेजर बाहेर आला. "मॅडम, आठ वाजून दहा मिनिटं झालीत. आमच्या शेफनं दुसरीकडून माल घेतला. सॉरी."

अनितानं क्रेटवर हात ठेवला. चार महिने पहाटे उठून मशरूमच्या पिशव्यांवर पाणी मारलं होतं तिनं. कैलासकडं तिनं पाहिलंही नाही आणि तो रडायच्या बेतात आला.

"माझी चूक हाय, साहेब," तो म्हणाला. "तिचा माल एकदा बघा तरी."

तेवढ्यात पिकअपच्या अगदी डोक्यावरची, पहिल्या मजल्याची एक खिडकी उघडली. "मॅनेजर! आज दिसायला लागलं हो!"

प्रदीपनं चमकून दरीकडं पाहिलं. धुकं होतं तसंच होतं. खिडकीतला माणूस सरळ खाली, पिकअपकडं बघत होता. शेजारची खिडकी उघडली, मग तिच्या शेजारची. दरीच्या खोल्या घेऊन तीन दिवस पांढरा पडदा बघणारी, रोज खाली येऊन भांडणारी माणसं एकमेकांना हाका मारू लागली. एवढ्यात मुलुंडच्या आजी आपल्या गाडीतून उतरून गेटातून आत आल्या. त्यांचाही मुक्काम इथंच होता.

"अरे, हे तर कैलासचं वावर!" त्यांनी वर बघून सगळ्यांना सांगितलं. "ती लाल दिसतेय ना, ती त्याची आई!"

प्रदीपनं पिकअपभोवती एक चक्कर मारली. "मॅडम, माल रोज घेतो," तो हळू आवाजात म्हणाला. "गाडी मात्र नऊपर्यंत या खिडक्यांखाली उभी राहील. आणि हिच्यावर कसलं नाव वगैरे टाकू नका बरं का."

अनितानं नवऱ्याकडं पाहिलं. दोन्ही ओठ दाबून धरले तरी तिला हसू आलंच.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी पहाटे खोलीचं दार वाजलं. त्यांनी शब्दाप्रमाणं आपली रिकामी पोती उचलली, खुंटीवरची घुंगरमाळही काढली आणि अंगणात चाचपडत जाऊन पिकअपच्या पुढच्या बंपरला तीन गाठी मारून बांधली.

"मान्सं गाडीखाली येतील आंधारात," ते म्हणाले. "आनी बिनआवाजाची गाडी दारातनं जावी, हे काय बरं दिसत न्हाई."

पिकअप निघाली. पाच पावलांवर ती दिसेनाशी झाली. घुंगरांचा आवाज तेवढा धुक्यातून कामशेतच्या रस्त्याकडं जात राहिला. आबा ओट्यावर उभे होते आणि त्यांची जीभ आपोआप टाळूला लागून बैल हाकल्यासारखी चक् चक् करत होती.

"गेली का हो गाडी?" आतून नंदाबाईंनी विचारलं.

"दम धर," आबा म्हणाले. "वढ्याचा चढ हाय. आता चढत्यात बग."