गाठीच्या वर

दौलती हवालदारांना मी पहिल्यांदा पाहिलं ते सांगलीला, आमच्या कॉलेजच्या पायऱ्यांपाशी. ते गुडघे टेकून बसले होते. मला वाटलं, पायरीला नमस्कार करताहेत. खेड्यातून आलेला एखादा बाप मुलाला कॉलेजात घालताना करीलही, म्हणून मी बाजूला थांबलो. जवळ गेल्यावर दिसलं की त्यांच्या हातात वीत-दोन वीत सुतळी आहे आणि तिला एक गाठ आहे. सुतळीचं टोक त्यांनी जमिनीला टेकवलं होतं आणि गाठ पायरीच्या कडेशी लावून ते पाहत होते.

"पयली पायरी गाठीच्या वर हाय," ते उठत म्हणाले. "बाकीच्या समद्या खाली हायत." आणि सुतळी खिशात घालून चालू लागले.

पायथ्याची माती वाहून गेल्यामुळे आमची पहिली पायरी खरोखरच उंच झाली होती. पण आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मीच पहिला. ते वाक्य मी उगाचच माझ्यासाठी धरलं आणि बरेच दिवस मनात ठेवलं.

पुढे मी खोली घेतली तिच्या भिंतीपलीकडेच त्यांची पत्र्याची शेड निघाली. हवालदार मूळचे सातारा तालुक्यातले. लढाईत इराकात पलटणीच्या मोटारी दुरुस्त करत होते, आता सांगलीत लोकांच्या दुरुस्त करत. लढाई संपून वर्ष झालं होतं तरी खाकी सदरा अंगावरून उतरला नव्हता.

सुतळी मात्र कधी खिशात राहत नसे. टांगा थांबला की त्याची पायरी मोजायची. देवळाची पायरी, नदीच्या घाटाची पायरी, खाणावळीचा उंबरा, हजामाची खुर्ची. मोजून झालं की निकाल द्यायचा: गाठीच्या वर किंवा गाठीच्या खाली. दुसरं माप त्यांच्याकडे नव्हतंच. हळूहळू माणसंही त्यात बसू लागली. मामलेदार कचेरीतला कारकून गाठीच्या वरचा. खाणावळवाल्या बाई गाठीच्या खालच्या, म्हणजे चांगल्या. एकदा शेजारच्या गुरुजींनी त्यांना ब्रह्म म्हणजे काय ते समजावून सांगितलं. हवालदारांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आसंल. पन गाठीच्या लय वर हाय."

माझ्याकडे लाकडी फूटपट्टी होती. एकदा मी ती भीत भीत पुढे केली आणि म्हणालो की इंचात मोजलं तर बरं पडेल. त्यांनी फूटपट्टी उलटसुलट करून पाहिली. "ह्याच्यावर लय रेघा हायत," म्हणाले. "मला एकच पायजे."

शेडमध्ये त्यांची मोटार होती. लढाईनंतर सरकारनं लिलावात काढलेली पलटणीची मोटार, पेटीसारख्या बॉडीची, आठ-दहा माणसं सहज बसतील एवढी. गल्लीतले लोक तिला हत्तीण म्हणत. लोक असली मोटार घेतात आणि वर टप बांधून गुऱ्हाळाची माणसं वाहतात. हवालदारांना तिच्यातून काहीच वाहायचं नव्हतं. त्यांना ती खाली घ्यायची होती. तिची पायरी गाठीच्या दोन बोटं वर होती. ती गाठीवर आली पाहिजे, आणि तीही माझी सुट्टी लागायच्या सुमारास, म्हणजे उन्हाळा तापण्याआधी.

कुणासाठी, असं विचारलं की ते म्हणत, "एक गिऱ्हाईक हाय. मिरजंला दवाखान्यात न्यायचंय. पाय जड हाय. दुसऱ्यानं उचलल्यालं चालत न्हाई." गल्लीनं ठरवून टाकलं की गिऱ्हाईक म्हणजे कुणीतरी तीन मणांचा सावकार असणार. मलाही तेच खरं वाटलं.

मोटार खाली घ्यायची तर कुणीही चाकांवरच्या कमानपाट्यांना, म्हणजे स्प्रिंगांना, हात घातला असता. हवालदार चिडत. "पाय कापून मानूस बुटका करायचा व्हय? वड्यात पोट घासंल तिचं. अंथरून पातळ करायचं." ते अंथरूण मला त्यांनी मोटारीखाली आडवं करून दाखवलं. खाली लोखंडी सांगाडा, वर बॉडी, आणि दोघांच्या मध्ये दहा ठिकाणी रबराचे जाड ठोकळे. प्रत्येक ठोकळ्यातून एक बोल्ट गेलेला. ठोकळे काढून पातळ घातले की चाकं, कमानपाट्या जिथल्या तिथं राहतात आणि बॉडी तेवढी खाली बसते.

ऐकायला सोपं होतं. मी भिंतीअलीकडे तर्कशास्त्र घोकत असे आणि पलीकडे ते गंजलेले बोल्ट ठोकून काढत असत. एका बोल्टला चार-चार दिवस लागले. पिठाच्या गिरणीचा जुना पट्टा कापून त्यांनी नवे ठोकळे केले. बॉडी खाली बसली आणि इंजिन सुरू करताच भयंकर आवाज झाला. पंखा इंजिनाचा, तो जागेवरच राहिला. त्याच्याभोवतीची पत्र्याची ढाल बॉडीची, ती खाली आली. पंख्यानं ढाल खाल्ली. मग ढाल कापली. मग गिअरचा दांडा तळाच्या भोकात अडकला, भोक मोठं केलं. मग स्टिअरिंगचं चाक हवालदारांच्या छातीशी आलं, तर बैठकीखाली घोंगडी घातली. एक खाली घेतलं की दुसरं वर येई. दिवस मावळता ते भिंतीला टेकून बसत, तेव्हा त्यांच्याकडे पाहूनच मला थकवा येई.

अशाच एका संध्याकाळी मी तर्कशास्त्र वापरायचं ठरवलं. म्हणालो, नुसती पायरीच खाली का घेत नाही?

"मग पायरीपासनं आतला तळ गाठीच्या वर जातो," ते डोळे मिटूनच म्हणाले. याचा विचार त्यांनी फार आधी केला होता.

मग चढताना खाली एक पाट ठेवावा, मी म्हणालो.

"ठिवला असता रं. पाट बगितला की फिरतीया माघारी. पाट जेवायला मांडत्यात म्हंती."

 सावकाराला कुणी 'फिरतीया' म्हणत नाही. हवालदारांच्याही ते लक्षात आलं. बराच वेळ ते हातावरचं काळं ग्रीस पुसत राहिले आणि मग थोडंथोडं सांगितलं.

ते इराकात असताना त्यांच्या बायकोचा गुडघा धरला होता. दीर तिला मिरजेला न्यायला निघाला. स्टेशनवर रेल्वेच्या डब्यात पाय पोचेना, तेव्हा दोन हमालांनी तिला काखेत धरून वर ढकललं. "संबाळून रं, माल फुटंल," असं एक जण म्हणाला आणि सगळा डबा हसला. ती पुढच्याच स्टेशनवर उतरली आणि चालत घरी आली. गुडघा त्या दिवशी जास्तच बिघडला असावा. तेव्हापासून तिनं गावाची वेस ओलांडली नव्हती. गुडघ्याबद्दल विचारलं की म्हणे, मला काय झालंय?

हवालदार पलटणीतून सुटून घरी आले तेव्हा त्यांनी काही विचारलं नाही. ती सकाळी तुळशीला पाणी घालायला कुठल्या बाजूनं ओट्यावर चढते ते चार दिवस पाहिलं. ती दुसरीकडे गेल्यावर त्या बाजूची उंची सुतळीनं मोजली आणि गाठ मारली.

सुट्टी लागली त्याच आठवड्यात मोटार गाठीवर आली. माझं गाव त्यांच्या गावाच्या पुढेच, म्हणून मलाही बरोबर घेतलं. गिरणीच्या पट्ट्याचे ठोकळे पातळ, त्यामुळे प्रत्येक दगड थेट दातांपर्यंत पोचत होता. कऱ्हाडच्या पुढे मी बोलणं सोडून दिलं. हवालदार घोंगडीवर ताठ बसून छातीशी आलेलं चाक फिरवत होते आणि दर मैल-दोन मैलांनी थांबून, खाली उतरून, पायरीला सुतळी लावून पाहत होते. रस्त्यानं ती आणखी खाली यायची तर नाही ना, किंवा वर.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावात पोचून मोटार दारासमोर उभी केली. काकी, म्हणजे हवालदारांच्या पत्नी, बाहेर आल्या. मी सावकाराची जी मूर्ती मनात धरली होती तिच्या पाव भागही त्या नव्हत्या. दाराची चौकट धरून त्यांनी मोटारीकडे नीट पाहिलं.

"बसकी दिसतीया," म्हणाल्या.

"फ्याशन हाय आता," हवालदार म्हणाले.

त्या पदर खोचून पायरीजवळ आल्या आणि पाय उचलला. पाय वर आला, थोडा आणखी आला आणि पायरीच्या दोन बोटं खाली थांबला. त्यांनी तो खाली टेकवला. पुन्हा उचलला. पुन्हा तिथंच. हवालदारांचा हात आपोआप पुढे झाला आणि तसाच मागे गेला.

मी तुळशीकडे पाहिलं. ओट्याच्या पायथ्याशी एक चपटा दगड नव्यानं लावलेला होता. गाठ मारली त्याला आठ-दहा महिने झाले होते. हवालदार मोटार खाली आणत होते तेवढ्यात पायही खाली आला होता.

हवालदारांनीही तो दगड पाहिला. खिशातून सुतळी काढली, पण तिचं काय करावं ते त्यांना कळेना. ते मोटारीच्या पायरीवरच बसले. इतकं दमलेलं मी त्यांना शेडमध्येही पाहिलं नव्हतं.

काकींनी सुतळीकडे पाहिलं, गाठीकडे पाहिलं, मग तुळशीकडे.

"ह्यो माझा पाय हाय व्हय?" त्यांनी विचारलं.

हवालदारांनी मान हलवली.

"चोरून मोजलासा."  मग मोटारीच्या दाराला हात धरून त्यांनी पाय उचलला आणि तसाच धरून ठेवला. "आता नीट मोजा. लौकर. दुखतंय."

ते 'दुखतंय' त्या घरात पहिल्यांदाच बोललं गेलं असावं. हवालदार घाईघाईनं गुडघ्यावर आले. कॉलेजच्या पायरीपाशी बसले होते तसेच. टोक मातीला टेकवलं, टाचेशी सुतळी धरली आणि जुन्या गाठीच्या खाली दुसरी गाठ मारली. पहिल्यांदा ती सुटली, पुन्हा मारावी लागली.

"अजून किती खाली घेनार आवं?" काकींनी पाय टेकवत विचारलं.

"भुईला टेकंपातूर," हवालदार म्हणाले.

 काकी माझ्याकडे वळल्या. मी परका, त्यात शिकलेला. माझ्यासमोर त्यांना अवघड वाटत असणार, म्हणून मी खाली बघत होतो.

"बाळ, सैपाकघरात भिंतीला पाट हाय. तेवढा आन."

हवालदारांनी वर पाहिलं. "आगं, जेवून निघू म्हंतीस?"

"जेवायला न्हवं," काकी म्हणाल्या.